पहिली ट्रॉली: जुनी कशी पारखायची, भरल्यावर कशी सांभाळायची

ट्रॉली घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा आधी विचारतो, "माल किती बसेल?" त्याआधी आपल्या ट्रॅक्टरकडे बघावं आणि विचारावं, हा केवढी ट्रॉली थांबवू शकेल? ओढायला फार ताकद लागत नाही. सपाट डांबरी रस्त्यावर बागेतला २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टरही तीन टन ओढत नेतो आणि मालकाला वाटतं, जमलं. तोच माल घेऊन उतारावर लागलं की मागची ट्रॉली पुढच्या ट्रॅक्टरला ढकलायला लागते. शेतातल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सगळं वजन ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनीच रोखायचं असतं.

म्हणून मापाची सुरुवात ट्रॅक्टरच्या वजनापासून करायची. बिनब्रेकची ट्रॉली मालासकट ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपुढे जाऊ द्यायची नाही, हा हिशोब धरून चाला. द्राक्षबागेसाठी घेतलेले छोटे ट्रॅक्टर पाऊण ते एक टनाचे असतात, म्हणजे ट्रॉली आणि माल मिळून फार तर दीड टन. ४०-४५ एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो, त्याला तीन टन. नेमका आकडा आरसी बुकात 'रिकामे वजन' या रकान्यात असतो.

आता हौद्याचं, म्हणजे माल भरायच्या पेटीचं माप. १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच हौदा म्हणजे १२० घनफूट, आपल्या भाषेत सव्वा ब्रासला थोडा कमी. सुटा कांदा घनफुटाला साधारण १६-१७ किलो बसतो. फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या बाजूच्या भिंतीला, समतल भरला तर वीस क्विंटलच्या आसपास. अशी ट्रॉली रिकामी साधारण टनभर भरते. टनभर ट्रॉली, दोन टन कांदा, झाले तीन टन. मोठ्या ट्रॅक्टरला हे माप बरोबर बसतं. पण याच हौद्यात वाळू समतल भरली तर ती घनफुटाला ४५ किलोच्या आसपास, म्हणजे पाच टनांच्या वर जाते, आणि ओली असेल तर आणखी. हौदा तोच, माणूस तोच, भरायची सवयही तीच, आणि वजन अडीचपट. ट्रॉलीचे एक्सल मोडतात ते बहुतेक इथेच, घराच्या बांधकामासाठी वाळू-खडी आणताना. वाळू, मुरूम, खडी आणायची असेल तर हौद्याला आतून खडूने एक रेघ मारून ठेवा: पाऊण फूट. त्याच्या वर फावडं नाही.

छोट्या ट्रॅक्टरला ८ फूट लांब, साडेचार फूट रुंद आणि दीड फूट उंच फाळक्याची ट्रॉली पुरते. तिच्यात नऊ क्विंटलच्या आसपास कांदा बसतो. बाजारात नेताना खेपा जास्त पडतील, ते खरं आहे. तरीही छोट्या ट्रॅक्टरला मोठी ट्रॉली स्वस्तात मिळते म्हणून जोडू नका. "अर्धीच भरू" असं ठरवून घेतलेली मोठी ट्रॉली अर्धी कधीच राहत नाही. माल तयार झाला, मजूर शेतात उभे आहेत आणि भाव चांगला आहे, अशा दिवशी ती काठोकाठ भरली जाते.

दोन चाकी की चार चाकी

दोन चाकी ट्रॉलीचं काही वजन हुकावर येतं. त्यामुळे ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीला दाबली जातात, चिखलात पकड मिळते, ब्रेकलाही मदत होते. मागे घेणंही सोपं. तोटा एवढाच की पुढे-मागे माल चुकीचा भरला तर ती लगेच त्रास देते, आणि हुकावरून काढली की एकटी उभी राहत नाही.

चार चाकी ट्रॉलीचं वजन तिच्या चारही चाकांवर असतं, पुढचा एक्सल गोल चकतीवर फिरतो. माल जास्त बसतो, सुटी उभी राहते. पण ट्रॅक्टरच्या चाकांवर तिचं वजन काहीच येत नाही, म्हणजे रोखायचं वजन जास्त आणि पकड कमी. शिवाय ती मागे घेताना दांडा आणि ट्रॅक्टर अशा दोन ठिकाणी वळते, नवख्याला ते जमत नाही. पहिली ट्रॉली दोन चाकीच घ्या.

डंपिंग, म्हणजे जॅकने हौदा उचलून माल ओतणारी ट्रॉली हवी का, हे मालावर ठरवा. टोमॅटोची कॅरेट, द्राक्षाची कॅरेट, खताच्या गोण्या हाताने उतरतात, त्यांना साधी ट्रॉली चालते आणि ती स्वस्त पडते. सुटा कांदा, शेणखत, मुरूम असेल तर डंपिंगचे पैसे मजुरीत वसूल होतात.

सौदा किती रुपयांना

जुन्या ट्रॉलीला ठरलेला भाव नसतो, म्हणून तळाचा आकडा स्वतः काढायचा. ट्रॉली रिकामी करून वजनकाट्यावर न्या आणि त्या दिवशीचा लोखंडाच्या भंगाराचा भाव विचारा. समजा ट्रॉली ११०० किलो भरली आणि भाव किलोला ३० रुपये निघाला, तर भंगारातच तिचे ३३ हजार येतात. याच्या वर मालक जे मागतोय ते चांगल्या एक्सलचे, टायरचे, जॅकचे आणि कागदपत्रांचे पैसे आहेत. यातलं जे नाही किंवा खराब आहे, ते त्याच्यासमोर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. वजनकाट्याची पावती जपून ठेवा, रिकाम्या वजनाचा हा आकडा पुढे प्रत्येक वेळी लागतो.

खिशात एक लाख असतील तर सौदा सत्तर-पंचाहत्तर हजारांपर्यंतच करा. उरलेले पैसे दुरुस्तीचे आहेत: बेअरिंग, कडी, एखादा टायर, दिवे. हे पैसे सौद्यात घालून टाकले तर ट्रॉली आहे त्या अवस्थेत रस्त्यावर येते.

उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली की मार्च ते मे कोणी ट्रॉली सोडत नाही, सोडली तर भाव चढा असतो. पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात त्या शेडमध्ये किंवा बांधावर उभ्या असतात. बघायला वेळ मिळतो आणि घासाघीसही होते.

कागद

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते. तिचा स्वतःचा नंबर, स्वतःचं आरसी बुक. नाशिकचा एमएच १५, मालेगावचा एमएच ४१. बिनापासिंगची ट्रॉली स्वस्त मिळते आणि गावात वर्षानुवर्षं चालते, म्हणून मोह होतो. महामार्गावर अपघात झाला की तीच ट्रॉली सगळ्यात महाग पडते, कारण विम्याचा दावा अडतो.

चॅसिसवर, म्हणजे हौद्याखालच्या लोखंडी सांगाड्यावर, बहुधा दांड्याजवळ, नंबर ठोकलेला असतो. तिथला रंग ब्रशने घासून काढा आणि आरसीशी एकेक अंक ताडून बघा. अंकांच्या आसपास ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा असतील किंवा तेवढाच तुकडा नव्याने वेल्ड केलेला असेल तर सौदा तिथेच थांबवा. ट्रॉल्या चोरीला जातात आणि रंग बदलून विकल्या जातात. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर मालकाकडून फॉर्म ३५ आणि कर्ज फिटल्याचा दाखला घ्या. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, दोन्हींवर मालकाच्या सह्या पैसे देतानाच. ट्रॉली दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८, म्हणजे ना-हरकत. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं म्हणजे ट्रॉली नावावर झाली असं होत नाही.

विम्याचं काम करताना ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर घातला गेलाय का, ते छापील कागदावर वाचा.

पारख

सोबत घ्या: मोजपट्टी, हातोडी, टॉर्च, मोठा स्क्रूड्रायव्हर, दहा टनी बाटली जॅक, दोन लाकडी ठोकळे. बघायला दिवसा जा आणि ट्रॉली धुतलेली नसेल तर बरं. नुकताच रंग दिलेल्या ट्रॉलीला जास्त वेळ द्या.

सुरुवात कडीपासून करा, म्हणजे दांड्याच्या टोकाला जे गोल भोक ट्रॅक्टरच्या हुकात बसतं तिथून. कडी हाताने पुसा आणि बोट आतून फिरवा. नवी कडी सगळीकडे सारख्या जाडीची असते. वापरलेली पुढच्या बाजूने, जिथे पिन ओढते तिथे, झिजत जाते आणि गोलाची लांबट होते. बोटाला तिथे एक गुळगुळीत खळगा लागतो. पट्टीने न झिजलेल्या बाजूची जाडी मोजा, मग खळग्याची. पाव हिस्सा गेला असेल तर कडी बदलायची, वेल्डिंगचा भराव घालून चालवायची नाही. भरावाचं लोखंड मूळ कडीसारखं चिवट नसतं, धक्क्याने तडकतं. सैल कडीचा दुसरा त्रास असा की दर वेळी निघताना आणि थांबताना पिनवर हातोडा मारल्यासारखा ठोका बसतो आणि तो ठोका थेट ट्रॅक्टरच्या हुकापर्यंत जातो.

दांडा चॅसिसला जिथे जोडलाय तो सांधा, पाट्यांचे (एक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) ब्रॅकेट सांगाड्याच्या चॅनलला जिथे वेल्ड केलेत ते कोपरे, आणि डंपिंगची मागची बिजागरी, या तीन ठिकाणी भेगा पडतात. भेग रंगाखालूनही दिसते. रंगावर केसासारखी सरळ रेघ आणि तिच्या कडेने तांबूस गंज असेल तर आत लोखंड फाटलेलं आहे. हातोडीने हलकं वाजवून बघा: धड चॅनल खणकन वाजतो, फाटलेला किंवा आतून गंजलेला बद्द. एकावर एक पट्ट्या मारलेला सांधा दिसला तर तो आधी एकदा तुटलेला आहे. तुटण्याचं कारण बहुधा जास्तीचं वजन असतं, म्हणून अशा ट्रॉलीचा एक्सलही संशयाने बघा.

एक्सल वाकलाय का, ते पट्टीने कळतं. कडीच्या मध्यापासून डाव्या चाकाच्या हबच्या मध्यापर्यंत अंतर घ्या, मग उजव्या. दोन्हींत सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर एक्सल तिरका बसलाय किंवा पाट्याचा मधला बोल्ट तुटून तो सरकलाय. अशी ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागे किंचित तिरपी चालते आणि टायर एका कडेने खाते. बोल्ट तुटलेला असेल तर दुरुस्ती स्वस्त आहे. एक्सलच वाकला असेल तर सरळ करून घेऊ नका, बदला. पाच टनांच्या ट्रॉलीला साधारण ७५ मिलिमीटरचा चौकोनी एक्सल असतो. तेवढ्या मोठ्या हौद्याखाली त्याहून बारीक एक्सल दिसला तर हौदा नंतर वाढवलेला असण्याची शक्यता आहे.

मग एक चाक जॅकवर घ्या, दुसऱ्याला ठोकळे लावून. चाक हाताने फिरवा. सलग सळसळ ठीक, खरखर किंवा अडखळणं म्हणजे बेअरिंग गेलं. आता वरची आणि खालची कड धरून चाक आत-बाहेर हलवा. थोडासा खेळ असेल तर नट आवळून भागतं, खटखट आवाज आला तर बेअरिंग किंवा त्याची बैठक झिजली आहे. हबची टोपी उघडायला सांगा. आतलं ग्रीस पिवळं किंवा लालसर आणि चिकट असेल तर ट्रॉली सांभाळलेली आहे. दुधाच्या चहासारखं फिकट झालं असेल तर आत पाणी गेलंय, ओढ्यातून किंवा नदीपात्रातून फिरलेल्या ट्रॉलीची ही खूण. काळं आणि वाळलेलं असेल तर बेअरिंग नवीनच धरा.

टायरच्या कडेला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रॉली उन्हात उभी राहते, म्हणून नक्षी भरपूर असली तरी टायर म्हातारे होतात. कडेच्या रबरावर बारीक भेगा दिसल्या तर त्या टायरवर भरलेली ट्रॉली न्यायची नाही. दोन्ही बाजूंना एकाच मापाचे टायर हवेत, ७.५०-१६ असेल तर दोन्हीकडे तेच. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे झिजलेला असला की ट्रॉली कायम एका अंगाला कलते. एका टायरवर किती वजन चालतं आणि त्यासाठी हवा किती, हेही कडेलाच छापलेलं असतं. दोन टायरांचा आकडा मिळून ट्रॉली आणि मालाच्या वजनापेक्षा जास्त असला पाहिजे.

हौद्याचा तळ खालून टॉर्चने बघा. कोंबडीखत, शेणखत आणि रासायनिक खतं पत्रा खातात, आणि ते वरून दिसत नाही. स्क्रूड्रायव्हर खालून दाबा, रुतला तर पत्रा बदलायचा. हे मोठं दुखणं नाही, पण पैसे सौद्यातून कापून घ्या.

डंपिंग असेल तर हौद्यात गोण्या टाकून जॅक उचलून दाखवायला सांगा, वजनासाठी माणसं चढवून नको. अर्ध्यावर थांबवून दहा मिनिटं वाट बघा. हौदा खाली सरकत आला तर जॅकचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. आणि हे एक कायमचं लक्षात ठेवा: उचललेल्या हौद्याखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय डोकं घालायचं नाही, ग्रीसच्या एका निपलसाठीसुद्धा. पाईप फुटला तर हौदा एका झटक्यात खाली येतो.

रस्त्यावर आणण्याआधी

दोन्ही हब उघडून रॉकेलने किंवा डिझेलने धुवा, बेअरिंगच्या रोलरांमध्ये तळहाताने दाबून ग्रीस भरा, नुसतं बाहेरून फासू नका. नट आवळताना चाक फिरवत राहा. चाक जड व्हायला लागलं की नट पाव फेऱ्याच्या आतच मागे घ्या, जिथे भोक जुळेल तिथे नवी स्प्लिट पिन घालून टोकं दुमडा. जुनी पिन परत वापरायची नाही. रिकामी ट्रॉली दहा किलोमीटर फिरवून हबला हात लावा: कोमट असेल तर बरोबर, हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळलाय. चाकाचे नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा, आणि पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा एकदा. रंग दिलेल्या डिस्कचे नट हमखास ढिले होतात, कारण खालचा रंग दबतो.

पिन तिच्या मापाची आणि वरून लॉक असलेली घ्या. पहार, सळईचा तुकडा, मिळेल तो बोल्ट, हे सगळं पिन म्हणून वापरलेलं दिसतं. बोल्टची चुडी तिथेच कापली जाते आणि पिन उडाली की ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांच्यात काही उरत नाही. त्यासाठी दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींना छेदून ट्रॅक्टरला लावा. पिन गेली तर दांडा जमिनीत न घुसता त्या झोळीवर तोलला जातो.

मागे दोन लाल दिवे, दोन इंडिकेटर आणि ट्रॅक्टरपासून सात पिनांचं सॉकेट. मागच्या फाळक्यावर लाल, बाजूंना पिवळी चमकणारी पट्टी, आणि संथ वाहनाचा केशरी-लाल त्रिकोण. या सगळ्याचा खर्च एका टायरपेक्षा कमी आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर पहाटे चारला कांदा घेऊन चाललेल्या ट्रॉलीच्या मागे शंभरच्या वेगाने येणाऱ्याला फक्त ही पट्टीच दिसणार असते. कांद्याची पात किंवा ताडपत्री तिच्यावर लोंबू देऊ नका.

एक्सलला ड्रम असलेली, ब्रेकची ट्रॉली मिळत असेल आणि थोडे जास्त मागत असतील, तर तिथे पैसे घाला. दुसऱ्या कुठल्याही वस्तूवर घातलेले पैसे एवढे उपयोगी पडत नाहीत.

भरताना

दोन चाकी ट्रॉलीत एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शापासून सातव्या हिश्शापर्यंत भार हुकावर आला पाहिजे. कमी झाला तर मागचा माल कडीला वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि उतारावर घसरतात. जास्त झाला तर पुढची चाकं उचलल्यासारखी होतात, स्टिअरिंग हलकं लागतं आणि वळवूनही ट्रॅक्टर सरळ जातो. बरोबर किती भार आहे ते वजनकाट्यावर एकदा बघून घ्या. ट्रॉली जोडलेलीच ठेवून फक्त ट्रॅक्टर काट्यावर उभा करा, आलेल्या आकड्यातून ट्रॅक्टरचं एकट्याचं वजन वजा करा. उरलं ते हुकावरचं. दोन-तीन खेपांत डोळ्याला सवय होते: एक्सलच्या थोडं पुढे ढीग उंच, मागे उतरता.

पुढून भरायला सुरुवात करा आणि रिकामं करताना मागून. उलटं केलं आणि ट्रॉली हुकावर नसेल तर मागे चढलेल्या माणसांसकट ती मागे आपटते. भरताना-उतरवताना ट्रॉली जोडलेली आणि चाकांना ठोकळे लावलेले असू द्या. कॅरेट रचताना हौद्याच्या वर दोन थरांपेक्षा जास्त गेलात तर दोरी आडवी आणि उभी दोन्ही हवी. एका कॅरेटमध्ये वीस किलो टोमॅटो धरा, शंभर कॅरेट म्हणजे दोन टन.

माणसं ट्रॉलीत बसवायची नाहीत. मजूर असोत, लग्नाचं वऱ्हाड असो किंवा वणीला गडावर निघालेले भाविक असोत. विमा त्यांना लागू होत नाही, आणि बिनब्रेकचं वाहन माणसांसाठी नाहीच.

ओढताना

ट्रॉली फक्त खालच्या हुकाला जोडा. टॉप लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांडीला) किंवा मागच्या धुऱ्याच्या वर कुठेही साखळी बांधून ओढलं की ओढ वरून लागते, ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो मागे उलटतो. हे इतकं पटकन होतं की क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.

रस्त्यावर येण्यापूर्वी डाव्या-उजव्या ब्रेकची दोन्ही पेडलं जोडणारी पट्टी लावा. शेतात ती काढलेली असते. तशीच राहिली आणि रस्त्यावर पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो आणि मागची ट्रॉली त्याला आडवा करते. रोज बघायची एकच गोष्ट निवडायची असेल तर ही निवडा.

वेग भरलेल्या ट्रॉलीला ताशी २० किलोमीटर. वेग दीडपट केला की थांबायला लागणारं अंतर सव्वादोन पट होतं, म्हणजे विसाला जिथे १४ मीटरमध्ये थांबत होतं तिथे तिसाला ३१-३२ मीटर लागतात. रिकामी ट्रॉलीही जोरात पळवू नका, खड्ड्यावर ती उडते आणि पाट्यांचे बोल्ट तिथेच तुटतात.

चांदवडजवळच्या राहुड घाटासारख्या उतारावर नियम जुनाच आहे: ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरायचं. गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. मध्येच बदलायला गेलात आणि गिअर पडला नाही तर न्यूट्रलमध्ये सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं, आणि गरम झालेला ब्रेक ते पेलत नाही. क्लचवर पाय ठेवायचा नाही. ट्रॉली मागून ढकलून तिरकी व्हायला लागली तर ब्रेक आणखी दाबण्याची इच्छा होते. ब्रेक थोडा सोडा, चाकांना पकड मिळू द्या, ट्रॅक्टर सरळ करा, मग पुन्हा हलका दाबा.

वळणावर ट्रॉलीचं आतलं चाक ट्रॅक्टरच्या चाकापेक्षा आतून जातं. म्हणून बांधावरच्या अरुंद वळणाला आधी बाहेर जाऊन मग वळवा. नाहीतर आतलं चाक चारीत उतरतं.

मागे घेणं रिकाम्या शेतात शिका. चार काठ्या रोवून ट्रॉलीपेक्षा दोन फूट रुंद फाटक करा. हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर ठेवा. ट्रॉलीचा मागचा भाग जिकडे न्यायचाय तिकडे हात हलवा. ट्रॉली वळायला लागली की लगेच स्टिअरिंग उलटं फिरवून तिच्या मागे जा. नवशिक्यांची चूक एकच असते, जास्त वळवणं आणि उशिरा सोडणं. ट्रॅक्टर आणि दांडा यांच्यातला कोन काटकोनाच्या अर्ध्याच्या पुढे गेला तर तिथून सावरत नाही. पुढे जा, सरळ करा, पुन्हा या. मागे माणूस उभा करायचा असेल तर तो तुम्हाला आरशात किंवा मान वळवून दिसेल असाच, हौद्याच्या थेट मागे नको.

पंक्चर झालं तर शक्य तेवढं रस्त्याखाली घ्या, त्रिकोण किंवा पेटता दिवा पन्नास पावलं मागे ठेवा. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून त्याच्याखाली रुंद फळी लागते, ती ट्रॉलीतच बांधून ठेवा. आणि चाकांभोवती लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाका. ते तिथेच राहिले तर पुढच्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेततात.

लासलगावला किंवा पिंपळगावला लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टर तासन् तास चार-चार फूट सरकतो. अर्धा क्लच दाबून धरू नका, प्लेट जळते. न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा आणि उतार असेल तर चाकाला ठोकळा लावा, कारण हँडब्रेक भरलेल्या ट्रॉलीला धरून ठेवेलच असं नाही. खळ्यावर डंपिंग करताना जमीन दोन्ही बाजूंनी सारखी आहे का ते बघा, एक चाक वीतभर खाली असेल तरी उचललेला हौदा कुशीवर जाऊ शकतो. वरून विजेच्या तारा जात असतील तर दुसरी जागा मागा. हौदा पूर्ण खाली बसल्याशिवाय जागचं हलू नका, आणि रिकाम्या ट्रॉलीने निघण्याआधी मागच्या फाळक्याची कडी लागलीय का ते उतरून हाताने बघा.